न्यू जर्सीचं रिअल इस्टेट लायसन्स टेक्सासात का चालत नाही?

अमेरिकेत नोकरी बदलली की अनेकदा राज्यही बदलतं. न्यू जर्सीतल्या एडिसनचं बिऱ्हाड टेक्सासात डॅलसजवळच्या फ्रिस्कोला जातं, कॅलिफोर्नियाच्या बे एरियातलं ऑस्टिनला. सामानाचा ट्रक ठरतो, मुलांच्या शाळा ठरतात, गाडीची नंबरप्लेट बदलते, जुनं ड्रायव्हिंग लायसन्स काउंटरवर देऊन नवं मिळतं. घरात कुणी रिअल इस्टेट एजंट असेल तर त्याच रांगेतलं पुढचं काम म्हणून विचारलं जातं, ‘हे लायसन्स ट्रान्स्फर कुठे करून मिळतं?’

कुठेच नाही. ‘ट्रान्स्फर’ हा शब्दच इथे फसवा आहे. नव्या राज्यात नवं लायसन्स काढावं लागतं आणि जुन्या लायसन्सच्या जोरावर त्यातल्या काही पायऱ्या माफ होतात, इतकंच. कोणत्या पायऱ्या माफ होतात हे राज्यागणिक बदलतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अर्ज सामान हलवण्याआधी करायचा की नंतर, हेही राज्यागणिक बदलतं. इथे चुकलं तर काही महिन्यांची कमाई जाते.

गोंधळात भर पडली ती २०१९ पासून. त्या वर्षी ॲरिझोनाने दुसऱ्या राज्यांची व्यावसायिक लायसन्सं सरसकट मान्य करणारा कायदा केला. असं करणारं ते पहिलं राज्य. नंतर बऱ्याच राज्यांनी त्याच धर्तीवर कायदे केले आणि ‘आता कुठलंही लायसन्स कुठेही चालतं’ असे मेसेज फिरू लागले. त्या कायद्यांत खरं काय आहे ते पुढे येईलच.

गाडीचं लायसन्स आणि रिक्षाचं परमिट

आपल्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स पुण्यात काढलेलं असलं तरी नागपुरात चालतं, चेन्नईतही चालतं. रिक्षाचं तसं नसतं. पुण्याचं परमिट असलेला रिक्षावाला मुंबईत मीटर टाकून भाडं घेऊ शकत नाही. त्याला रिक्षा चालवता येत नाही असं कुणी म्हणत नाही, पण त्या शहरात धंदा करायची परवानगी त्याच्याकडे नसते.

अमेरिकेतलं रिअल इस्टेट लायसन्स हे परमिटच्या जातीचं आहे. ते देशाचं केंद्र सरकार देत नाही. पन्नास राज्यं आणि राजधानीचा वॉशिंग्टन डीसी हा प्रदेश, प्रत्येकाचा स्वतंत्र आयोग किंवा खातं आहे. (इंग्रजीत या आयोगालाही कमिशन म्हणतात आणि दलालीच्या पैशालाही. घोळ नको म्हणून या लेखात आयोग म्हणजे सरकारी संस्था आणि कमिशन म्हणजे पैसे.) दुसऱ्याची मालमत्ता, पैसे घेऊन, विकायची-घ्यायची-भाड्याने द्यायची असेल तर ती मालमत्ता ज्या राज्यात आहे त्या राज्याची परवानगी लागते. तुम्ही किती वर्षं काम केलंय, किती घरं विकली आहेत, याने त्यात फरक पडत नाही.

एकच देश, मग एकच लायसन्स का नाही?

ही तक्रार रास्त वाटते, पण घरखरेदीचा कायदाच राज्याचा असतो, आणि तो खरोखर वेगळा असतो.

न्यू जर्सीत एजंटने भरलेल्या घराच्या करारात वकिलाने तपासण्याची मुदत द्यावीच लागते, कामकाजाचे तीन दिवस. त्या मुदतीत कुठल्याही बाजूचा वकील करार नाकारू शकतो. टेक्सासात अशी वकिली मुदत नाही. तिथे घेणारा एक छोटी रक्कम देऊन ठरावीक दिवसांसाठी कुठलंही कारण न देता मागे फिरण्याचा हक्क विकत घेतो. त्याला ऑप्शन पिरियड म्हणतात. शिवाय टेक्सासात एजंटला बहुतेक व्यवहारांत आयोगाने छापून दिलेले करारनाम्याचे नमुनेच वापरावे लागतात, आपल्या मनाने कलमं घालता येत नाहीत. न्यू जर्सीची सवय घेऊन आलेला एजंट ‘वकील बघेल’ म्हणून थांबला आणि ऑप्शनची मुदत टळली, तर घेणाऱ्याची अनामत अडकते. हा धोका कागदी नाही.

टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना, वॉशिंग्टन धरून नऊ राज्यांत लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता कायद्याने नवरा-बायको दोघांची समजली जाते. लुइझियानाच्या कायद्याची मुळं फ्रेंच परंपरेत आहेत. एकाच एजंटने घेणारा आणि विकणारा अशा दोघांचंही प्रतिनिधित्व करणं काही राज्यांत लेखी संमतीने चालतं. फ्लोरिडा आणि कोलोरॅडोत ते चालतच नाही, तिथे अशा वेळी दोघांपैकी कुणाचीही बाजू न घेणारा ‘ट्रान्झॅक्शन ब्रोकर’ असतो.

म्हणून बहुतेक राज्यांतल्या परीक्षेचे दोन भाग असतात. राष्ट्रीय भागात मालकी, कर्ज, मूल्यांकन, गणित असं सगळीकडे सारखं असलेलं ज्ञान. राज्याच्या भागात तिथला कायदा. कुठलंही राज्य माफी देतं तेव्हा ती साधारणपणे पहिल्या भागाची असते, आणि ते योग्यच आहे. कॅलिफोर्नियात मात्र असे दोन भागच नाहीत. तिथे १५० प्रश्नांचा एकच पेपर, म्हणून माफ करायला वेगळा काढता येईल असा तुकडाच नाही.

‘ब्रोकर’ म्हणजे कोण, हे आधी बघा

बहुतेक राज्यांत दोन पायऱ्या असतात. खालची सेल्सपर्सन किंवा सेल्स एजंट, वरची ब्रोकर. सेल्सपर्सनला स्वतंत्र धंदा करता येत नाही, कुठल्या तरी ब्रोकरच्या हाताखालीच काम करावं लागतं. त्या ब्रोकरला स्पॉन्सरिंग ब्रोकर म्हणतात. कमिशन ब्रोकरकडे येतं आणि तो आपला वाटा ठेवून एजंटला देतो. क्लायंटने एजंटच्या हातात थेट चेक देणं हे लायसन्स घालवण्याचं काम आहे.

पण इलिनॉय, वॉशिंग्टन आणि ओरेगनमध्ये पहिल्याच पायरीला ‘ब्रोकर’ म्हणतात. कोलोरॅडोत तिला ‘असोसिएट ब्रोकर’ म्हणतात. शिकागोहून आलेल्या एजंटने टेक्सासच्या अर्जात ‘मी ब्रोकर आहे’ म्हणून ब्रोकरचा रकाना भरला तर अर्ज परत येतो, कारण टेक्सासच्या दृष्टीने तो सेल्स एजंटच असतो. अर्ज करताना लायसन्सवरचा शब्द बघू नये. आपल्याला स्वतंत्र धंदा करायचा हक्क होता की दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचा, ते बघावं आणि त्याप्रमाणे रकाना भरावा.

माफी किती मिळते?

एका राज्याने दुसऱ्या राज्याचं लायसन्स मानण्याला रेसिप्रॉसिटी म्हणतात. ‘अमुक राज्यात रेसिप्रॉसिटी आहे’ एवढ्या वाक्यावर कधीही विसंबू नये, कारण त्याचे अर्थ फार वेगवेगळे निघतात.

सर्वांत उदार टोकाला जॉर्जिया. बाहेरच्या राज्यात परीक्षा देऊन मिळवलेलं, चालू आणि निर्वेध लायसन्स असेल तर कोर्स नाही, परीक्षा नाही. अर्ज, जुन्या राज्याचा दाखला, पार्श्वभूमीची तपासणी, फी. अपवाद फ्लोरिडाचा. तिथून येणाऱ्याला जॉर्जियाच्या कायद्याचा पेपर द्यावा लागतो. कारण उघड आहे, फ्लोरिडाही जॉर्जियावाल्यांकडून तसाच पेपर घेतं. शेजाऱ्यांची ही फिट्टंफाट.

मधली राज्यं म्हणजे व्हर्जिनिया, वॉशिंग्टन, कोलोरॅडो. इथे मूळ कोर्स पुन्हा करावा लागत नाही, राष्ट्रीय भाग माफ, राज्याचा भाग द्यायचा. कोलोरॅडोत नव्याने सुरुवात करणाऱ्याला १६८ तासांचा अभ्यासक्रम आहे. त्यामुळे तिथे ही माफी फार मोलाची.

मग येतात निवडक राज्यांशीच करार असलेली राज्यं. न्यूयॉर्क हे त्याचं उदाहरण. पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स, जॉर्जिया अशा मोजक्या राज्यांची नावं त्याच्या यादीत आहेत. न्यू जर्सीचं नाव त्यात नाही. म्हणजे जर्सी सिटीच्या खिडकीतून मॅनहॅटन दिसत असलं तरी तिथल्या एजंटला न्यूयॉर्कसाठी ७७ तासांचा कोर्स आणि ७५ प्रश्नांची परीक्षा चुकत नाही. निदान परीक्षेची फी फक्त १५ डॉलर आहे.

आणि शेवटी कॅलिफोर्निया आणि टेक्सास, नेमकी मराठी माणसांची वस्ती भरपूर असलेली राज्यं. दोन्हीकडे रेसिप्रॉसिटी नाही. कॅलिफोर्नियात ४५ तासांचे तीन, म्हणजे १३५ तासांचे कॉलेज पातळीचे विषय पूर्ण झाल्याचं दाखवावं लागतं आणि मग तीन तासांची परीक्षा, ७० टक्क्यांना पास. तिथे राहत असण्याची अट मात्र नाही. एडिसनमध्ये बसून, जायच्या सहा महिने आधी तयारी सुरू करता येते, आणि करावी. एक छोटी अडचण: कॅलिफोर्नियाची बोटांच्या ठशांची डिजिटल सोय त्या राज्यातच आहे. बाहेरून अर्ज करणाऱ्याला कागदी कार्डावर ठसे पाठवावे लागतात आणि त्यात वेळ जातो.

टेक्सासचा हिशेब

न्यू जर्सीत सेल्सपर्सनसाठी ७५ तासांचा कोर्स असतो. टेक्सासात १८० तास, म्हणजे ३० तासांचे सहा विषय: रिअल इस्टेटची मूलतत्त्वं भाग १ आणि २, एजन्सीचा कायदा, कराराचा कायदा, आयोगाचे छापील करारनमुने आणि वित्त. न्यू जर्सीचे ७५ च्या ७५ तास टेक्सासने मान्य केले असं धरलं, तरी १०५ तास उरतात. प्रत्यक्षात सगळे मान्य होतीलच असंही नाही. करारनमुन्यांचा विषय तर अस्सल टेक्सासचा, तो बाहेर शिकवलाच जात नाही.

म्हणून पहिलं काम कोर्स विकत घेणं नव्हे. आधी जुन्या कोर्सची प्रमाणपत्रं आणि कॉलेजची गुणपत्रिका आयोगाकडे मूल्यमापनासाठी पाठवायची. भारतातल्या पदवीत वित्त किंवा कायद्याचे विषय असतील तर परदेशी पदवी तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल जोडून विचारून बघायला हरकत नाही, मात्र तो खर्च आपला आणि उत्तर ‘नाही’ येण्याची तयारी ठेवायची. काय उरलं ते लेखी कळल्यावरच कोर्सचे पैसे भरावेत. कोर्स विकणारी शाळा सहाच्या सहा विषयांचं पॅकेज आनंदाने देईल. तुम्हाला चारच हवे आहेत का, हे शोधून देणं तिचं काम नाही.

मग अर्ज, बोटांचे ठसे, परीक्षा. सेल्स एजंटच्या परीक्षेत ८५ राष्ट्रीय आणि ४० राज्याचे प्रश्न. दुसऱ्या राज्यात चालू लायसन्स असलेल्याला राष्ट्रीय भाग माफ होऊ शकतो. अर्ज करतानाच हे विचारून घ्यावं, परीक्षेची तारीख घेतल्यावर नव्हे. तीनदा नापास झालं तर नव्याने तास भरल्याशिवाय चौथी संधी नाही. अनुभवी एजंट नापास होतात ते बहुधा राज्याच्या भागात, आणि तेही अभ्यास न केल्याने नव्हे. जुन्या राज्याचं उत्तर हाताला सवयीने येतं. अनामत किती दिवसांत जमा करायची, उघड करायच्या गोष्टी कोणत्या, कुणाची सही कुठे, हे सगळं ‘माहीत’ असतं, फक्त ते चुकीच्या राज्याचं असतं.

पास झाल्यावर मिळणारं लायसन्स निष्क्रिय असतं. स्पॉन्सरिंग ब्रोकरने ते स्वीकारल्यावरच काम सुरू करता येतं. म्हणून ब्रोकर शोधणं निकालानंतरवर टाकू नये. आणि इथेही संपत नाही. पहिल्या नूतनीकरणाआधी, म्हणजे दोन वर्षांत, आणखी ९० तासांचे विषय पूर्ण करावे लागतात. १८० वर थांबलेल्यांचं नूतनीकरण इथेच अडतं.

फ्लोरिडाला आधी अर्ज, ॲरिझोनाला नंतर

एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही.

फ्लोरिडाचा ठरावीक राज्यांशी ‘परस्पर मान्यतेचा’ करार आहे. जॉर्जिया, इलिनॉय, कनेटिकट ही त्यातली काही. तिथला एजंट ६३ तासांचा कोर्स आणि १०० प्रश्नांची परीक्षा टाळून फक्त फ्लोरिडाच्या कायद्यावरचा ४० प्रश्नांचा पेपर देतो आणि ३० बरोबर आले की झालं. अट अशी की अर्जदार फ्लोरिडाचा रहिवासी नसावा. रहिवासी कोण, तर गेल्या वर्षभरात सलग चार महिने किंवा जास्त काळ तिथे राहिलेला. म्हणजे शिकागोहून टँपाला जाऊन, घर लावून, मुलं शाळेत रुळल्यावर सहाव्या महिन्यात निवांत अर्ज केला की ती सवलत गेली आणि ६३ तास डोक्यावर बसले. शिवाय मूळ लायसन्स त्या राज्यात स्वतः कोर्स-परीक्षा करून मिळवलेलं हवं. तेही कुठून तरी माफीने घेतलेलं असेल तर चालत नाही. पायरीवरून पायरी चढत जाण्याची वाट बंद.

ॲरिझोनाच्या २०१९ च्या कायद्यात अट बरोबर उलटी आहे. तिथे सवलत मिळते ती राज्यात राहायला आलेल्याला. लायसन्स किमान वर्षभर जुनं हवं, चालू हवं, त्यावर शिस्तभंगाचा डाग नको, आणि राज्याच्या कायद्याची परीक्षा आयोग मागू शकतो. भाडेकरार, विजेचं बिल, नवं ड्रायव्हिंग लायसन्स असे वास्तव्याचे पुरावे लागतात. फिरणाऱ्या मेसेजमध्ये एवढाच भाग गाळलेला असतो.

तेव्हा नव्या राज्याच्या आयोगाला ईमेलने तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या लायसन्सवर कोर्सचे किती तास माफ? परीक्षेचा कोणता भाग माफ? आणि ही सवलत रहिवाशाला आहे की बाहेरच्याला? फोनवर मिळालेलं उत्तर पुढे कुणी मानत नाही, म्हणून ईमेल.

कागदपत्रं कुठे अडकतात

सगळ्यात जास्त वेळ खातो तो जुन्या आयोगाचा दाखला. त्याला लायसन्स हिस्टरी म्हणतात: लायसन्स कधी मिळालं, परीक्षेने मिळालं की माफीने, किती काळ चालू होतं, कुठली कारवाई झाली का. वेबसाइटवरचा ‘ॲक्टिव्ह’ लिहिलेला स्क्रीनशॉट त्याऐवजी चालत नाही. दाखला सही-शिक्क्याचा आणि अलीकडच्या तारखेचा लागतो, म्हणून सहा महिने आधी काढून ठेवण्यात फायदा नाही. दाखला निघण्याच्या सुमाराला जुन्या लायसन्सची मुदत संपणार नाही, हेही बघावं. न्यू जर्सीची सगळी लायसन्सं विषम वर्षाच्या ३० जूनला एकदमच संपतात. त्या जूनमध्ये घर हलवणारे ‘आता कशाला पैसे भरा’ म्हणून नूतनीकरण टाळतात. मग नव्या राज्याच्या नजरेत ते चालू लायसन्सधारक राहत नाहीत आणि सगळी माफी जाते. नवं हातात पडेपर्यंत जुनं चालू ठेवायचं, त्याची फी हा नवं मिळवण्याच्या खर्चाचाच भाग समजायचा.

बोटांचे ठसे आधी दिलेले असले तरी पुन्हा द्यावे लागतात. एका राज्याने केलेली तपासणी दुसरं राज्य उसनी घेत नाही.

आता खास आपला प्रश्न, नावाचा. पासपोर्टवर माहेरचं नाव, कोर्सच्या प्रमाणपत्रावर सासरचं, बँकेत मधलं नाव वडिलांचं, ग्रीन कार्डावर मधलं नाव पहिल्या नावाला जोडून एकच लांबलचक नाव. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, आणि भरलेली फी सहसा परत मिळत नाही. कोर्सला नाव नोंदवतानाच ओळखपत्रावर आहे तसं, अक्षर न् अक्षर तेच लिहावं. नाव बदललेलं असेल तर लग्नाचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश अर्जासोबत आधीच जोडावा.

जुनी तक्रार किंवा दंड असेल तर तो लपवू नये. आयोगांना एकमेकांच्या नोंदी दिसतात. जुना छोटा दंड बहुतेकदा समजावून देता येतो, पण अर्जात ‘नाही’ लिहिल्याचं समजावता येत नाही.

‘पण मला एकाच मित्राला घर दाखवायचंय’

एकाच व्यवहारासाठी नवं लायसन्स काढायचं का? इथे राज्यांच्या तीन तऱ्हा आहेत. काही राज्यं बाहेरच्या एजंटला तिथल्या ब्रोकरशी लेखी करार करून प्रत्यक्ष येऊन काम करू देतात. काही म्हणतात, तुमच्या राज्यात बसून फोन-ईमेलवर काय ते करा, आमच्या हद्दीत पाऊल टाकून घर दाखवू नका. तिसरी राज्यं दोन्हीला मनाई करतात.

तिन्ही ठिकाणी चालणारा मार्ग म्हणजे रेफरल. मित्राला तिथल्या एजंटकडे पाठवायचं आणि व्यवहार झाल्यावर कमिशनमधला वाटा घ्यायचा. २५ टक्के हा रूढ आकडा, पण तो कायद्यातला नाही, बोलून ठरतो. पैसे ब्रोकरकडून ब्रोकरला जातात आणि मग तुमच्या ब्रोकरकडून तुम्हाला. कर्ज घेऊन होणाऱ्या घरव्यवहारांत नुसत्या ओळखीबद्दल पैसे घेण्याला १९७४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. लायसन्सधारक ब्रोकरांमधला रेफरल हा त्यातला अपवाद. म्हणजे लायसन्स संपलेलं असताना घेतलेला रेफरल हा सरळ गुन्हा ठरू शकतो.

यातूनच ‘जुनं लायसन्स टाकून देऊ का’ याचं उत्तर मिळतं. न्यू जर्सीत दहा वर्षांची ओळखपाळख असेल तर तिथले लोक तुम्हालाच फोन करत राहणार. फक्त रेफरल घेणाऱ्या ब्रोकरकडे लायसन्स ठेवलं तर खर्च कमी राहतो आणि ते फोन वाया जात नाहीत. मात्र पत्ता बदलल्याचं कळवायची मुदत असते. फ्लोरिडाच्या रहिवाशाने राज्य सोडलं तर ६० दिवसांत आयोगाला कळवावं लागतं. लोक हे विसरतात, मग नूतनीकरणाची पत्रं जुन्या घरच्या पेटीत साठतात.

अर्धवट राहिलेले व्यवहार

विक्रीला लावलेलं घर तुम्ही आणलेलं असलं तरी करार ब्रोकरच्या नावाने असतो. तुम्ही गेलात तरी तो जुन्या ब्रोकरकडेच राहतो. घेणाऱ्यांचंही आता तसंच. ऑगस्ट २०२४ पासून, एजंटांच्या राष्ट्रीय रिअल्टर संघटनेने खटल्यात केलेल्या मोठ्या तडजोडीनंतर, घर दाखवण्याआधी घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो आणि तोही ब्रोकरच्या नावाने होतो. निघण्याआधी प्रत्येक चालू व्यवहाराची यादी करून कुणाला किती टक्के मिळणार ते जुन्या ब्रोकरकडून लिहून घ्यावं. ‘आपलं काय, बघू नंतर’ हे पुण्यातल्या ओळखीच्या बिल्डरशीही चालत नाही.

चुकांपासून संरक्षण देणारा व्यवसायाचा विमाही तपासावा. कोलोरॅडो आणि टेनेसीत तो सक्तीचा आहे. अशा विम्यात बहुधा दावा दाखल होतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, चूक कधी झाली हे पुरत नाही. जुनी पॉलिसी बंद केली आणि आठ महिन्यांनी जुन्या क्लायंटने दावा ठोकला तर खिशातून भरावं लागतं. त्यासाठी मागच्या कामांपुरतं वाढीव संरक्षण विकत मिळतं, ते मागून घ्यावं.

व्हिसाचं काय?

लायसन्स राज्य देतं, काम करायची परवानगी केंद्र सरकार देतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. कॅलिफोर्निया तर सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर आयकराच्या आयटीआयएन क्रमांकावरही अर्ज घेतं. याचा अर्थ एच-१बी वर असलेल्याला शनिवार-रविवार घरं विकता येतात असा नाही. एच-१बी वाल्याला ज्या कंपनीने अर्ज केला तिचंच काम करता येतं, आणि कमिशन हे बाहेरचं उत्पन्न. परीक्षा देऊन लायसन्स भिंतीवर लावलं तर हरकत नाही, पहिलं कमिशन घेतलं की पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी ते उत्तर मागतं.

एच-४ वर असलेल्या जोडीदाराकडे ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, असेल तर हे काम करता येतं. ही सोय २०१५ मध्ये ठरावीक एच-४ धारकांसाठी सुरू झाली. ईएडी राज्याला बांधलेलं नसतं, ते तुमच्यासोबत टेक्सासला येतं. पण त्याची मुदत संपून नवं यायला उशीर झाला तर त्या काळात काम थांबवावं लागतं, लायसन्स चालू असलं तरी. आणि अमेरिकी नागरिक नसलेल्या बहुतेकांना पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत इमिग्रेशन खात्यालाही कळवायचं असतं.

आणि पुण्यातले फ्लॅट?

टेक्सासातल्या एजंटला तिथल्या मराठी ओळखीतून ‘पुण्यात काही चांगलं सुचव’ अशी विचारणा होतच असते. तिथलं लायसन्स इथे उपयोगाचं नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकायला मदत करणाऱ्या एजंटची नोंदणी हवी, आणि ती नोंदणीही राज्यापुरतीच असते. महारेराचा नंबर गोव्यात चालत नाही, गोव्याचा महाराष्ट्रात नाही. महाराष्ट्रात तर आधी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. बिनानोंदणी काम केलं तर कलम ६२ खाली रोज १०,००० रुपये दंड, वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. एक कोटीच्या फ्लॅटवर पाच लाख.